खिडकीतल्या बाटल्या

अकोले, गुरुवार

चि. सौ. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्या धाकट्या आत्याचा फोन आला आणि इकडच्यातिकडच्या मजकुरात तिने सहज सांगून टाकले की, तुमच्या सावेडीच्या इमारतीत दोघांना डेंग्यू निघाला असून आपल्या ओमलाही परवापासून ताप आहे. तू मला हे कळवले नाहीस, याचा खुलासा मागाहून घेईन. परंतु तेव्हापासून तुझ्या खिडकीतल्या त्या काचेच्या बाटल्या, त्यांत लोंबणारी मनीप्लांटची मुळे आणि कुंड्यांखालच्या काठोकाठ भरलेल्या ताटल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

गोडेतेलाचे कॅन, रंगाच्या बादल्या, फुटके माठ यांत झाडे लावण्याच्या तुझ्या छंदाला माझी हरकत नाही; कीटकनाशकाचा डबा तेवढा, कितीही धुतलेला असला तरी, घरात घेऊ नकोस. माझी तक्रार साचलेल्या पाण्याविषयी आहे. डेंग्यूचा डास गटारातला नव्हे; तो घरातल्याच स्वच्छ, निश्चल पाण्यात अंडी घालतो, दिवसाउजेडी चावतो, आणि अंड्यातून पुरता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याविषयी आरोग्य खाते कंठशोष करीत असते. त्यातही नुसते पाणी ओतून देणे ही निव्वळ कागदोपत्री अंमलबजावणी होय, कारण ती अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात. भांडे घासलेच पाहिजे. मुळा धरणाचे पाणी तुमच्या नळाला रोज येत नाही, पिंपे भरून ठेवावी लागतात, हे मी जाणतो. पण पिंपाला झाकण घालता येते, त्या बाटल्यांना कोण घालणार?

शिवाय नगर म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. तेथे पानांतच ओलीची बेगमी करून राहणारी कोरफड, पानफुटी, पानओवा लावावा. मनीप्लांटही मातीत सुखाने वाढतो. कॅनच्या तळाला तापवलेल्या खिळ्याने भोके पाड, त्यांवर खापरीचे तुकडे ठेव, डबा दोन विटांवर बसव, आणि माती बोटभर खोल कोरडी लागेपर्यंत पाणी घालूच नकोस. माती निकृष्ट असल्याची सबब सांगू नकोस. १९४२ साली तुमच्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत आणलेल्या नेहरूंनी दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्याने भरलेली जमीन भर उन्हात खणून फुलांचे वाफे केले होते.

हा छंद तुझ्याकडे आला तो तुझ्या आजीकडून. मोरीच्या सांडपाण्यावर तिचे अळू आणि कर्दळ, आणि ओसरीवर डालड्याच्या पिवळ्या डब्यांची रांग. मी नुकताच मामलेदार कचेरीत चिकटलो होतो, आमचे अव्वल कारकून चहाला यावयाचे होते, आणि त्या डब्यांची मला अशी लाज वाटली की, ते सारे उचलून मी परसात उन्हात नेऊन टाकले. आई काही बोलली नाही. पुढे तिने ओसरीवर एकही झाड लावले नाही, आणि कोणत्या डब्यात काय होते, हे मीही तिला कधी विचारले नाही. तुझ्या बादल्यांची रांग पाहिली की तुला रागे भरण्याचा माझा अधिकारच डळमळतो.

तरी बाटल्या आजच रित्या कर.

ओमची रक्तचाचणी झाली नसेल तर क्षणाची हयगय नको. डॉक्टरांना विचारल्यावाचून अंगदुखीची गोळी देऊ नकोस, काही गोळ्यांनी या तापात रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला म्हणून गाफील राहू नकोस, कारण हा आजार दगा देतो तो नेमका उतरत्या तापात. पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त दिसले, तर मध्यरात्रही पाहू नकोस. मच्छरदाणी दिवसाही असू दे.

फार लिहिले. बाटल्यांचा आणि तापाचा संबंध असेलच असे नाही, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नकोस. तुझ्या आवाजावरून आत्याला तसे वाटले, आणि ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. मी शनिवारच्या एस.टी.ने येतो. मच्छरदाणीत पडल्या पडल्या ओमला गोष्टी सांगणारे कोणी तरी हवे, आणि तुझीही झोप राहिली असेल. गावठी बियाणे राखल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे ज्या कोंभाळण्याच्या, त्या बाजूचे मूठभर वाल माझ्यापाशी आहेत, ते आणतो. पोर बरे झाले की त्याच्या हातून रंगाच्या बादलीत लावू. तुझ्या आईला एवढ्यात काही सांगू नकोस, मी बोलेन. माझ्यासाठी स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. पिठले-भाकरी पुरे, आणि तीही मी आल्यावर मीच थापीन.

तुझा
अण्णाकाका