जत्रेतला घास

माघ महिना आला. थंडी अजून होती. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. शेतांत पोपटीची मडकी लागत होती. अशात महडची जत्रा आली.

महड हे गाव खालापूर तालुक्यात आहे. ते अष्टविनायकांपैकी एक ठिकाण. येथील गणपतीला वरदविनायक म्हणतात. मूर्ती 1690 साली तळ्यात सापडली, असे सांगतात. 1725 साली रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधले. माघ शुद्ध चतुर्थी म्हणजे गणेशजयंती. त्या दिवशी लांबलांबची माणसे दर्शनाला येतात. देवाला तिळाचा नैवेद्य होतो. मोदक होतात. नारळ चढतात.

कर्जत तालुक्यातल्या एका गावात एक आजी राहते. ती रात्रीच्या साक्षरता वर्गाला जाते. अक्षराला अक्षर जोडून वाचते. आकडे तर तिला चांगले येतात. ती आठ वर्षांच्या नातवाला घेऊन जत्रेला निघाली.

सून म्हणाली, "आई, गेल्या साली यानं जत्रेत लाल सरबत प्यायलं. तीन दिवस जुलाब झाले. सलाईन लावावं लागलं. यंदा त्याला काही खाऊ घालू नका हो."

आजी म्हणाली, "अगं, पोराला जत्रेला न्यायचं आणि उपाशी ठेवायचं? खाऊ तर घालीन. पण बघून घालीन."

दोघे कर्जत स्टेशनावर आली. बटाटेवड्याचा वास सुटला होता. कर्जतचा वडा फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. पुढे बोरघाट लागतो. घाट चढायला गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. तेवढा वेळ गाडी थांबते. प्रवासी वडे घेतात. अशी वड्याची कीर्ती मुंबई-पुण्यापर्यंत गेली.

आजी वडेवाल्याला म्हणाली, "दादा, परातीतला नको. आता कढईतून काढाल तो द्या."

नातवाने विचारले, "का गं आजी? दोन्ही वडे सारखेच की!"

"सारखे दिसतात, पण सारखे नसतात. उकळत्या तेलात रोगाचे जंतू मरतात. वडा उघडा राहिला की त्याच्यावर माशा बसतात. माशी आधी घाणीवर बसते, मग वड्यावर. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवू नये, असं वर्गात शिकवलंय."

वडेवाला वर्तमानपत्राचा कागद फाडू लागला. आजीने पिशवीतून डबा काढला. "यात द्या. छापील कागदाची शाई तेलात उतरते आणि पोटात जाते. त्यात खाणं बांधायला कायद्यानं मनाई आहे."

मग हसून नातवाला म्हणाली, "पेपर वाचायचा असतो रे बाळा. त्यात खायचं नसतं."

खोपोलीची गाडी आली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशने गेली. प्रत्येक पाटी आजीने वाचली. खोपोलीहून रिक्षाने दोघे महडला पोचली. रांगेत उभे राहून दर्शन घेतले. बाहेर जत्रा भरली होती. भेळ, भजी, जिलबी, पेढे, उसाचा रस, चणे-कुरमुरे. काय घेऊ अन् काय नको!

एका गाडीवर भजी तळत होती. तेल काळे पडले होते. त्याला फेस येत होता, धूर निघत होता. आजी पुढे गेली. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते बिघडते. ते शरीराला अपाय करते.

पुढे जिलबी होती. रंग भडक पिवळा, डोळ्यांत भरणारा. खाण्याच्या पदार्थांत काही रंगांना परवानगी आहे, तीही ठराविक प्रमाणात. पण मेटॅनिल यलो नावाचा स्वस्त पिवळा रंग खाण्यात घालायला बंदी आहे. नुसत्या डोळ्यांना तो ओळखू येत नाही. म्हणून भडक रंगाचे खाणे टाळलेले बरे.

मग सरबताची गाडी आली. नातू थांबला. आजीने बर्फाकडे बोट दाखवले. "हा बर्फ कशाचा, ते कोणाला ठाऊक? मासळी ठेवायलाही बर्फ लागतो. तो पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही. म्हणून जो बर्फ खाण्याचा नाही, त्याला निळसर रंग द्यावा, असा नियम 2018 साली झाला. पण पांढरा दिसला म्हणून चांगलाच, असंही नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि थंडीनं ते मरतही नाहीत."

झाडाखाली ठाकूरवाडीवरची एक बाई बसली होती. तिच्या पाटीत बोरे होती. पातेल्यात उकडलेली रताळी होती. वर झाकण, खाली निखारे. शेजारी एक गृहस्थ उभे होते. नातवाने ऐकले. ते सोबतीला म्हणत होते, "हिच्या हातचं कशाला? चल, सरबत पिऊ." आणि ते त्या बर्फाच्या गाडीकडे गेले.

आजीचा उपास होता. ती बाईजवळ बसली. "बाय, दोन रताळी दे गं. गरम दे." बाईने झाकण काढले, वाफ आली. चिमट्याने रताळी काढून पानावर ठेवली.

आजी नातवाला म्हणाली, "ऐकलंस ना? कोणी केलं, हे बघून पोट बिघडत नाही. कसं केलं, हे बघायचं असतं. हिचं खाणं झाकलेलं आहे, गरम आहे. साल आपण आपल्या हातानं काढायची. याहून स्वच्छ काय पाहिजे?"

जाता जाता राजगिऱ्याच्या लाडवांचे पाकीट घेतले. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका होता. तो शाकाहारी पदार्थाची खूण असतो. तपकिरी खूण असली तर पदार्थ मांसाहारी. शिवाय 14 अंकी परवाना क्रमांक होता. इंग्रजी अक्षरे नातवाने वाचली. आकडे आजीने वाचले. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती.

"दादा, हे शिळं झालंय. तारीख बघा."

दुकानदार ओशाळला. "मावशी, माझ्या ध्यानात नाही आलं." त्याने ती सगळी पाकिटे बाजूला काढली आणि दुसरे ताजे पाकीट दिले. आजीने छापील किंमत वाचली आणि तेवढेच पैसे दिले.

रात्री दोघे घरी आली. नातू गाढ झोपला. पण पहाटे दारावर थाप पडली. शेजारची मुलगीही जत्रेला गेली होती. तिला जुलाब लागले होते. तिची आई रडत होती. "आजी, पाणी प्यायलं तर आणखी जुलाब होतील ना? मी तिला पाणीच दिलं नाही."

आजी म्हणाली, "अगं, उलट आहे! अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, म्हणून जीवाला धोका होतो. ते भरून काढायला हवं."

तिने वर्गाची वही काढली. त्यात लिहिले होते : उकळून गार केलेले पाणी 1 लिटर. साखर 6 सपाट चहाचे चमचे. मीठ अर्धा सपाट चहाचा चमचा. आजीने मोजून पाणी तयार केले. घोट घोट पाजले. उजाडताच आशाताईंकडून क्षारसंजीवनीची पुडी आणली आणि मुलीला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टर म्हणाले, "पाणी पाजलंत, हे फार चांगलं केलंत."

पूर्वी जत्रेमागोमाग पटकी येई. गावेच्या गावे ओस पडत. लोक म्हणत, देवीचा कोप झाला. पण 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी कोलकात्यात पटकीचा जंतू दाखवून दिला. तो घाण पाण्यातून आणि दूषित अन्नातून पोटात जातो. कोप देवाचा नव्हे. चूक आपली. आणि आपली चूक आपल्याला सुधारता येते.

तेव्हा जत्रेला जरूर जा. देवाचे दर्शन घ्या. मुलाबाळांना खाऊ घाला. फक्त घास तोंडात घालण्यापूर्वी डोळे उघडे ठेवा.

ध्यानात ठेवा

1. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवा.
2. गरम आणि झाकलेले खा. साल काढून खायचे फळ चांगले.
3. पिण्याचे पाणी घरून न्या.
4. पाकिटावरची खूण, तारीख आणि किंमत वाचा.
5. जुलाब झाले तर पाणी बंद करू नका. मीठ-साखरेचे पाणी पाजा.
6. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडले किंवा मूल सुस्त झाले, तर लगेच दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक फिरवा.

उत्तरे द्या

1. आजीने परातीतला वडा का घेतला नाही?
2. गृहस्थांनी रताळी घेतली नाहीत. त्यांचे काय चुकले?
3. मीठ-साखरेचे पाणी कसे करतात? आपल्या वहीत लिहा. घरी सर्वांना वाचून दाखवा.