मोटू-पतलूचे गुणदोष



गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'गुणदोष' हा विषय दिला. कुणी बैलाचे लिहिले, कुणी एस.टी.चे. मी मोटू-पतलूचे लिहिते, कारण ते माहीत नाहीत असा एकही मुलगा आपल्या वर्गात नाही.

हे दोघे आधी 'लोटपोट' नावाच्या मुलांच्या हिंदी अंकात चित्रकथेत होते. १६ ऑक्टोबर २०१२ पासून ते निकलोडियन वाहिनीवर आले. मालिका मुंबईच्या माया डिजिटल स्टुडिओने संगणकावर केली. २०१६ साली त्यांचा सिनेमाही निघाला.

पहिला गुण म्हणजे जोडी. मोटू जाडा आणि उतावळा, पतलू बारीक आणि विचारी. दोघे भांडतात, पण एकमेकांना सोडून जात नाहीत. पळापळ सुरू झाली की पोट धरून हसू येते. आणि गंमत ऐका, मोटूचा आवाज व पतलूचा आवाज एकाच माणसाने काढला आहे! त्यांचे नाव सौरव चक्रवर्ती. मला आधी खरेच वाटेना. मग डोळे मिटून ऐकले, तरी दोन माणसेच बोलतात असे वाटले. आमचा धाकटा हिंदी बोलतो तेसुद्धा इथूनच शिकला.

आता दोष. संकट आले की मोटू समोसा खातो, अंगात बळ येते आणि गुंडांना बदडतो. मग पतलूच्या डोक्याचा उपयोग काय? शेवट आधीच कळतो. मुख्य पात्रांत मुलगी किंवा बाई कुणीच नाही. फुरफुरी नगरात बायका स्वैपाकच करत बसतात की काय?

इन्स्पेक्टर चिंगम दक्षिणेकडच्या लोकांसारखे बोलतात म्हणून हसायचे, हे तर मला बिलकूल पटत नाही. आपण 'हाय', 'न्हाय' म्हणतो तेव्हा शहरातले पाहुणे हसतात. तेव्हा कसे वाटते?

पण सगळ्यात मोठा दोष म्हणजे तिथे कुणाला लागतच नाही. मोटू उंचावरून पडतो, आपटतो, बुडतो आणि पुन्हा पळायला लागतो. फुरफुरी नगरात चालत असेल, पण आपले गाव धरणाचे आहे. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. आताचे धरण त्यानंतर बांधलेले आहे. पाण्याची मस्करी करायची नाही, असे आमच्या घरी लहानपणापासून बजावतात.

परवा धाकट्याने विचारले, "ताई, मोटूला पोहता येतं का गं?"

मी म्हटले, "न्हाय येत. त्याला चित्रात काढलाय, म्हणून वर येतो."

"मग मला काढ की चित्रात!"

मी पाटीवर काढून दिला. त्याने विचारले, "समोसा कुठाय?"