नवजात अर्भकाची कावीळ आणि रक्तगटाची विसंगती

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्भकाच्या अंगावर येणारी फिकट पिवळी छटा बहुधा आपोआप ओसरते. परंतु पहिल्या २४ तासांतच डोळे व कातडी पिवळी दिसू लागल्यास स्वस्थ बसणे घातक ठरते. माता आरएच निगेटिव्ह आणि अर्भक आरएच पॉझिटिव्ह असणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय.

लँडस्टायनर व वीनर यांनी १९४० मध्ये या घटकाची माहिती प्रसिद्ध केली. प्रसूतीच्या वेळी अर्भकाचे रक्त मातेच्या रक्तात मिसळते व तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. पहिले मूल त्यामुळे बहुधा सुखरूप राहते. पुढील गर्भाच्या तांबड्या पेशी मात्र ही प्रतिपिंडे नष्ट करतात. दुसरे मूल दगावले की सुनेच्या नशिबाला बोल लावणाऱ्या घरांनी हा क्रम अवश्य समजून घ्यावा.

पेशी फुटल्याने रक्तक्षय होतो आणि बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य साचते. गर्भावस्थेत ते मातेचे यकृत निस्तरते. नाळ तुटताच तो भार अर्भकाच्या अपक्व यकृतावर पडतो. हे द्रव्य मेंदूत शिरले म्हणजे मूल सुस्तावते, दूध ओढत नाही, पुढे अंग धनुष्यासारखे ताठते. वाचलेच तर बहिरेपण वा कायमचे अपंगत्व पदरी येते. ही हानी भरून निघत नाही.

म्हणून उपचार वेळेशी बांधलेले आहेत. डोळे झाकून अर्भकाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. स्तनपान चालूच राहते. तेवढ्याने न भागल्यास नाळेतील शिरेवाटे थोडे थोडे रक्त काढून मातेच्या रक्ताशी जुळणारे आरएच निगेटिव्ह रक्त भरतात. वजनाच्या दर किलोमागे सुमारे १६० मिलिलिटर रक्त यास लागते. कावीळ उतरल्यावरही काही आठवडे रक्तक्षय वाढू शकतो. तेव्हा फेरतपासणी टाळू नये.

खेड्यात बाळंतिणीची खोली अंधारी असते. तेथे पिवळेपणा दिसणार कसा? अर्भकाला दिवसाच्या उजेडात पाहावे. मात्र कोवळे ऊन हा उपचार नव्हे, आणि गळ्यातील माळ तर नव्हेच. आशा कार्यकर्तीची घरभेट दवाखान्यातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी असते. तोपर्यंत घरच्यांनीच लक्ष ठेवावयाचे असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजात अर्भकाला औषधोपचार, रक्त व वाहतूक विनामूल्य मिळते.

गरोदरपणी रक्तगट तपासून घेतल्यास बहुतेक प्रसंग टळतात. आरएच निगेटिव्ह मातेस २८ व्या आठवड्यात आणि मूल आरएच पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. गर्भपातानंतरही ते आवश्यक असते. प्रतिपिंडे एकदा तयार झाल्यावर मात्र त्याचा उपयोग होत नाही.