काम सोपवावे कसे?

(काम दुसऱ्यावर ढकलणे आणि काम दुसऱ्याकडे सोपवणे यांत मोठा फरक आहे. तो या पाठात सांगितला आहे.)

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. आमच्या वर्गाच्या नाटकाची जबाबदारी मी वर्गप्रमुखावर टाकली. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. त्याने संवाद लिहिले, पडदा आणला, सामानही स्वतःच गोळा केले. कोणी मदतीला आले की तो म्हणे, "राहू दे, तुला जमणार नाही."

संमेलनाच्या आदल्या दिवशी तो तापाने फणफणला. पडदा कोठे आहे, संवादांची वही कोणाकडे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नाटक झाले नाही.

चार दिवसांनी तो शाळेत आला. उतरलेल्या तोंडाने म्हणाला, "सर, सगळे काम मी केले, तरी मुले माझ्यावरच रागावली आहेत."

मी म्हणालो, "तू त्यांना काम दिले नाहीस, म्हणजे त्यांच्यावर विश्वास ठेवला नाहीस. त्यांना वाईट वाटणारच. पण चूक माझीही आहे. मी तुझ्यावर काम टाकले आणि पुन्हा चौकशीही केली नाही."

इतक्यात डोंगरापलीकडून कोकण रेल्वेची शिट्टी ऐकू आली. मी मुलांना जवळ बोलावले व या रेल्वेची हकीकत सांगितली.

रोहा ते मंगळूर हा मार्ग सुमारे ७६० किलोमीटर लांबीचा. वाटेत सह्याद्रीचे कडे, खोल दऱ्या, नद्या आणि खाड्या. नव्वदहून अधिक बोगदे खणायचे होते. लहानमोठे सुमारे दोन हजार पूल बांधायचे होते. १९९० साली हे काम ई. श्रीधरन यांच्याकडे आले. एवढ्या लांबवर एक माणूस कोठे कोठे पुरणार?

श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग केले : महाड, उत्तर रत्नागिरी, दक्षिण रत्नागिरी, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग सुमारे शंभर किलोमीटरचा. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला. त्याला नुसते काम दिले नाही, तर निर्णय घेण्याचे अधिकारही दिले. काम किती दिवसांत संपवायचे, हे सर्वांना माहीत होते. उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे लावलेली होती.

काम सोपे नव्हते. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती वारंवार ढासळे. या मार्गावर अनेक कामगारांनी प्राण गमावले. ठरलेल्यापेक्षा उशीरही झाला. पण काम सुटले नाही. १९९८ साली संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल आजही त्या कष्टांची साक्ष देतात.

वर्गप्रमुख शांतपणे ऐकत होता.

यंदा पुन्हा नाटक ठरले. त्याने सर्वांना विचारून कामे वाटली. एका मुलाला तो म्हणाला, "पडद्याचे काम तुझे. कसा करायचा, ते तू ठरव. शुक्रवारपर्यंत हवा. अडलास तर मला सांग." बुधवारी त्याने आपणहून चौकशी केली. मीही अधूनमधून डोकावत होतो.

पडदा लाल रंगाचा झाला. वर्गप्रमुखाला निळा हवा होता. पण तो काही बोलला नाही. नाटक उत्तम वठले. टाळ्या थांबल्यावर त्याने पडदा करणाऱ्या मुलाला हात धरून सर्वांपुढे आणले.

गाव करी ते राव न करी, असे म्हणतात. मात्र गावाने काम करावे, असे वाटत असेल, तर आधी गावावर विश्वास ठेवावा लागतो.

शब्दार्थ
फणफणणे – खूप ताप येणे
हकीकत – घडलेली गोष्ट
ढासळणे – कोसळणे
अर्पण करणे – वाहणे, देणे
वठणे – चांगले साधणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या वर्षी नाटक का झाले नाही?
(आ) कोकण रेल्वेच्या मार्गाचे किती विभाग केले होते?
२. सरांनी आपली कोणती चूक कबूल केली?
३. 'काम ढकलणे' आणि 'काम सोपवणे' यांतील फरक पाठातील उदाहरणांनी सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : साक्ष देणे, जबाबदारी टाकणे.