रोज एक पान : ऋतूंच्या सोबतीने रेखाटनाचा अभ्यास

संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासविषयक लेख मागितला होता आणि मी रेखाटनाच्या सवयीवर लिहीत आहे, याचे त्यांना आश्चर्य वाटेल. मी चित्रकलेचा शिक्षक नाही. मी काढलेला माणूस आजही बुजगावण्यासारखा दिसतो, हे प्रत्येक तुकडीने मला हसत हसत सांगितले आहे. तरीही सकाळच्या वंदनेनंतरची पंधरा मिनिटे आठवी-नववीची मुले माझ्यासोबत व्हरांड्यात बसून समोर दिसेल ते वहीत उतरवतात, हा परिपाठ आपल्या शाळेत अनेक वर्षांपासून चालू आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना तो आठवत असेल, काहींना कंटाळ्यासह आठवत असेल.

त्याची सुरुवात इतिहासाच्या तासालाच झाली. ‘इतिहासाची साधने’ हा पाठ चालू होता. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने असे वर्गीकरण मी फळ्यावर लिहिले आणि नाणी, ताम्रपट, शिलालेख, बखरी यांची उदाहरणे दिली. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला व त्याने विचारले, “सर, आमच्या वस्तीचं साधन कोणतं?” त्याच्या आजोबांचे कुडाचे घर घरकुलासाठी पाडले होते. त्या घराचे छायाचित्र नव्हते. सातबारा नव्हता, कारण जमीन नव्हती. आजोबांचाही फोटो नव्हता. ज्या समाजाला गावाबाहेर ठेवले गेले, त्याची घरे, आड, चावडीपासूनचे अंतर हे सारे कोणत्या दप्तरात शोधायचे? दप्तरात आपण आहोत, पण महारकीच्या कामांच्या याद्यांत आहोत. घरातली चूल कोणत्या कोपऱ्यात होती, हे तेथे लिहिलेले नाही.

त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नव्हते. जे गेले ते गेले. पण आजपासून जे दिसते ते आपण नोंदवू शकतो, एवढेच मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी शंभर पानी कोऱ्या वह्या मागवल्या.

पद्धत अगदी साधी ठेवली. एक वही, एक पेन्सिल, रोज एक पान. पानाच्या कोपऱ्यात दिनांक, वेळ आणि आपण कोठे बसलो आहोत ते लिहायचे. खोडरबर वापरायचे नाही. या शेवटच्या नियमावर मुलांनी सर्वांत जास्त वाद घातला. शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करताना खोडरबर लागतेच, आमचे कलाशिक्षक तर स्वच्छतेचे गुण कापतात. पण तो अभ्यास वेगळा आणि हा वेगळा. येथे चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्याशेजारी दुसरी काढायची, म्हणजे डोळ्याने आधी काय पाहिले आणि नंतर काय दुरुस्त केले ते दोन्ही पानावर राहते. कागदपत्र फाडून टाकणाऱ्याला इतिहासकार म्हणत नाहीत, असे मी त्यांना सांगत असे.

सवय लावण्यासाठी वर्षावासासारखा काळ नाही. बुद्धकाळी भिक्खू वर्षातील बराचसा काळ चारिका करीत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहत. पावसात हिंडणाऱ्या श्रमणांच्या पायाखाली कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. आपले शैक्षणिक वर्षही पावसाबरोबरच सुरू होते. म्हणून आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आम्ही बसायची जागा बदलत नाही आणि विषयही बदलत नाही. विहारासमोरचा पिंपळ, तीन महिने, रोज.

पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात मुले म्हणतात, “सर, कालच काढला की!” खरा अभ्यास तेथे सुरू होतो. झाड तेच असल्यामुळे कालच्या आठवणीतून काढण्याचा मोह होतो. बदामाचा आकार काढायचा, मध्ये शीर ओढायची, झाले पान. मी त्यांना एक खाली पडलेले पान हातात घेऊन केवळ त्याचे टोक काढायला लावतो. पिंपळाच्या पानाचे टोक किती लांब असते, हे शंभरातील नव्वद मुलांना ठाऊक नसते. एका पावसाळी सकाळी सहावीतल्या एका मुलीने (ती भावासोबत येऊन बसायची, तिची वही नव्हती) सांगितले की पाणी त्या टोकावरूनच खाली उतरते, पानावर थांबत नाही. टोक लांब का, याचे उत्तर तिने पाहून मिळवले होते. पालिमध्ये ज्याला ‘सति’ म्हणतात, त्याचे याहून सोपे उदाहरण मला देता येत नाही.

पावसाळ्यातील अडचणी मात्र खऱ्या असतात. हवेतील दमटपणाने कागद फुगतो. त्यावर बॉलपेन अडखळते आणि पेन्सिलीचे टोक रुतून कागद उचकटतो. त्यामुळे या दिवसांत एच.बी. पेन्सिल हलक्या हाताने वापरावी. वही रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवावी, म्हणजे पाने सरळ राहतात. दिवाळीनंतर थंडी पडते, सकाळी उजेड उशिरा येतो आणि बोटे आखडतात. तेव्हा आम्ही वेळ बदलून मधल्या सुट्टीत बसतो. हेमंतातील सावल्या दुपारीही लांब असतात आणि सावली काढायला शिकावे ते याच दिवसांत.

शिशिराची मी वाट पाहतो. माघाच्या अखेरीस पिंपळ पाने टाकू लागतो आणि वर्षभर पानांआड दडलेल्या फांद्या उघड्या पडतात. कोणती फांदी कोठून फुटली, कोठे तोडली गेली, तोडल्यावर तिने कोणती दिशा धरली, हे सगळे दिसते. वर्षभर ज्यांचे झाड ‘ढगासारखे’ येत होते, त्यांना या पंधरा-वीस दिवसांत एकदम झाड समजते. मग तांबूस कोवळी पालवी येते. पेन्सिलीने तो रंग दाखवता येत नाही, म्हणून आम्ही चित्राशेजारी शब्द लिहितो. एकाने लिहिले होते, ‘नव्या तांब्याच्या पैशासारखी’. तांब्याचा पैसा त्याने कोठे पाहिला होता, मी विचारले नाही. उन्हाळ्यात दुपारचे ऊन इतके पांढरे असते की आकारच दिसत नाहीत. तेव्हा सकाळी सातच्या आत आटोपावे.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाचा डोंगर समोर असताना, चित्रकलेचे धडे घेतले होते आणि उघड्या डोळ्यांचा बुद्ध त्यांना हवा होता, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. “सर, अभ्यास बुडतो,” असे सांगणाऱ्या दहावीच्या मुलांना मी तेवढेच ऐकवतो.

रोजच्या रेखाटनाने इतिहासाला काय मिळते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरून ठेवले, हे सहलीत सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्यास नेमले. सुमारे वीस वर्षे तो हे काम करीत राहिला. लेण्यांतील अंधार, वटवाघळे, पावसाळ्यातील ओल आणि आजारपण या साऱ्यांतून तयार झालेल्या त्याच्या चित्रांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळून गेली. गिल पुन्हा कामाला लागला. मार्गदर्शक त्याचे नाव घेतात ते प्रेमकहाणीसाठी. मला त्याचे पुन्हा कामाला लागणे अधिक मोलाचे वाटते.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेले. १८७२ ते १८८५ या काळात या विद्यार्थ्यांनी शेकडो प्रती केल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी हे नाव पुढे आले. इतर अनेक विद्यार्थ्यांची नावे पुस्तकी अभ्यासकांखेरीज कोणी घेत नाही. त्यांच्याही प्रतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत गेल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. मूळ भिंतींवरील रंगाचे पापुद्रे त्यानंतरही गळत राहिले. आज भिंतीवर नसलेले काही भाग आपण या प्रतींतूनच ओळखतो. ज्या भिक्खूंच्या वर्षावासासाठी ती लेणी कोरली गेली, त्यांच्या भिंती काही अंशी विद्यार्थ्यांच्या पेन्सिलीने वाचवल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्याच विद्यार्थ्यांनी प्रती करताना चित्रांवर वॉर्निश लावले आणि त्यामुळे नुकसानही झाले, हेही सांगितले पाहिजे. काढणाऱ्याने ज्याचे चित्र काढायचे त्याला हात लावू नये, हा आमचा पाचवा नियम त्यातूनच आला.

आता ज्या वहीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याविषयी.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आला नाही. त्याचे गाव बालाघाटाच्या डोंगरात. घरचे दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. मुलाला शाळेत ठेवायचे हे त्यांनी निश्चयाने ठरवलेले होते. पण त्या वर्षी वडील आजारी पडले. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली होती आणि कोयता पुरा करायला दुसरे माणूस हवे होते. ते दुसरे माणूस म्हणजे तेरा वर्षांचा हा मुलगा. मला हे डिसेंबरात समजले. मी हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे शेरा लिहिला, एक पत्र पाठवले आणि पुढच्या कामाला लागलो. त्याच्या फडावर जाऊन त्याला आणायला हवे होते. मी गेलो नाही.

मार्चच्या अखेरीस कारखान्याचा पट्टा पडल्यावर तो आला. उंची वाढली होती, तळहातांना घट्टे पडले होते. अभ्यासाचे काय, असे मी विचारू लागलो, तेव्हा त्याने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. पिंपळाच्या पानांनंतर पुढे एकसष्ट पाने भरलेली होती. प्रत्येक पानावर दिनांक, वेळ आणि जागा. पाचटाने शाकारलेली कोपी. कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. टायरगाडीचे जू. वाढ्याची पेंढी ओढणारे वासरू. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात निघालेली टोळी, यात माणसे नाहीतच, फक्त उजेडाचे गोल आहेत. आणि बावीस पानांवर त्याची आई.

बावीसही पानांवर ती पाठमोरी आहे. कमरेत वाकलेली, पदर डोक्याला घट्ट बांधलेला, उजव्या हातात कोयता. मला वाटले, त्याला चेहरा काढता येत नसावा. तसे विचारले. तो म्हणाला, “आई म्होरं तोडती, सर. मी मागं मोळ्या बांधतो.”

जानेवारीत अकरा दिवसांचा खंड होता. त्याचे कारण विचारल्यावर म्हणाला, “पेन्सल सरली होती.” तिला विकत घ्यायला दुकान जवळ नव्हते, की पैसे नव्हते, हे त्याने सांगितले नाही.

नोव्हेंबरमधील पानांवर कोयत्याची मूठ केवळ एक दांडा आहे. फेब्रुवारीत त्या मुठीला गुंडाळलेली चिंधी आहे, चिंधीची गाठ आहे, आणि कोयत्याचे पाते झिजून अरुंद झालेले आहे. एका हंगामात पाते किती झिजते याचा पुरावा त्याने कोणाच्याही सूचनेवाचून तयार केला होता. त्या वर्षी ‘इतिहासाची साधने’ हा पाठ मी पुन्हा घेतला आणि ती वही वर्गात फिरवली. मागच्या बाकावरून प्रश्न विचारणारा मुलगा तोवर शाळा सोडून गेलेला होता.

१४ एप्रिलच्या प्रदर्शनात आम्ही वही मांडली. तो दहावी होऊन गेला, पण वही प्रदर्शनाच्या साहित्यासोबत शाळेतच राहिली. ती त्याच दिवशी त्याच्या हाती द्यायला हवी होती. मध्यंतरी कळले की तो पुण्याकडे कोठेतरी कामाला आहे आणि आई आता तोडीला जात नाही.

ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या हाती पडणार आहे म्हणून येथे लिहितो. बाळा, तुझी वही इतिहास विभागाच्या कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. पाने सरळ आहेत. शेवटची आठ पाने कोरी आहेत. किल्ली माझ्याकडे असते. मी नसलो तर कार्यालयात माग.