बिनपडद्याचा संगणक : एक प्रात्यक्षिक पाठ



शाळेच्या वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटावर एक लहानशी प्लास्टिकची डबी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. तिला ना पडदा आहे, ना कळफलक, ना माऊस. विजेची एक तार आत जाते आणि दोन बारीक दिवे लागतात, एवढेच. "सर, ही डबी काय करते?" असे पाचवीच्या मुलांनी मला विचारले. ती डबी म्हणजे एक पूर्ण संगणक आहे आणि तिच्यात मराठीचे एक मोठे वाचनालय भरलेले आहे. ती कशी तयार झाली आणि ती तयार करताना माझी चूक कुठे झाली, हे या पाठात सांगतो.

हा संगणक कुठून आला?

या यंत्राचे नाव रास्पबेरी पाय. संगणकाला लागणारे सर्व भाग एकाच पाटीवर बसवलेले असतात, म्हणून याला एकपाटी संगणक म्हणू. पाटीचा आकार ८५ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे खिशातल्या एटीएम कार्डाएवढा. इंग्लंडमधील केंब्रिज येथे २००६ च्या सुमारास एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की संगणकशास्त्र शिकायला येणारी मुले संगणक वापरतात खरी, पण त्याला स्वतः आज्ञा देणे त्यांना पूर्वीच्या मुलांइतके येत नाही. मुलांना निर्धास्तपणे हाताळता येईल असा स्वस्त संगणक हवा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला रास्पबेरी पाय विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर होती आणि स्मृती फक्त २५६ एमबी. आपल्याकडे आहे तो २०१६ साली आलेला 'पाय ३ मॉडेल बी'. त्याची स्मृती १ जीबी आहे. एका माजी विद्यार्थ्याने तो शाळेला भेट दिला.

हलकी प्रणाली कशासाठी?

प्रत्येक संगणकाला ऑपरेटिंग सिस्टिम लागते. घरच्या संगणकात तिचा बराचसा भाग पडद्यावर खिडक्या, चित्रे आणि रंग दाखवण्यासाठी खर्च होतो. आपल्या डबीला पडदाच नाही. ज्या खोलीत कोणी बसणार नाही, तिथे सोफा कशाला ठेवायचा? म्हणून आपण 'रास्पबेरी पाय ओएस लाइट' ही प्रणाली निवडली. ती डेबियन लिनक्सवर आधारलेली असून विनामूल्य मिळते. चित्रमय पडद्याचा भाग तिच्यात नसतो. त्यामुळे ती उतरवून घ्यायला सुमारे अर्धा जीबी पुरतो आणि १ जीबी स्मृतीतही काम करायला जागा उरते.

साहित्य

एकपाटी संगणक, ३२ जीबीचे मायक्रो एसडी कार्ड, ५ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा वीजपुरवठा, कार्ड वाचणारा रीडर, आणि इंटरनेट असलेला दुसरा साधा संगणक.

कृती

१. दुसऱ्या संगणकावर 'रास्पबेरी पाय इमेजर' हा विनामूल्य प्रोग्राम बसवावा. त्यात आपले मॉडेल, लाइट प्रणाली आणि एसडी कार्ड निवडावे. कार्डावरील जुने सर्व पुसले जाते, म्हणून पेनड्राइव्ह तर निवडला नाही ना, हे दोनदा पाहावे.

२. कार्ड लिहिण्यापूर्वी इमेजर काही सूचना भरून घेतो. या पाठाचा गाभा हाच आहे. पडदा असता तर यंत्राने नंतर प्रश्न विचारले असते आणि आपण उत्तरे दिली असती. इथे तसे होणार नाही. जे सांगायचे ते सुरू होण्याआधीच सांगावे लागते.

यंत्राचे नाव द्यावे. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि आडवी छोटी रेघ एवढेच चालते, जागा सोडता येत नाही. आपण 'ज्ञानपेटी' हे नाव इंग्रजी अक्षरांत दिले. मग वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा. त्यानंतर वायफायचे नाव, त्याचा पासवर्ड आणि देश भरावा. देश विसरू नये, कारण रेडिओ लहरींचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि देश सांगितल्याशिवाय या प्रणालीत वायफाय बंद राहते. शेवटी 'एसएसएच' चालू करावे.

एसएसएच म्हणजे दुरून, सुरक्षितपणे संगणकात शिरण्याची वाट. हेलसिंकीच्या एका विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ साली ती तयार केली. पूर्वी रास्पबेरी पायमध्ये ही वाट आपोआप उघडी असे आणि सर्व यंत्रांचे मूळ नाव व पासवर्ड एकच असे. ज्याने ते बदलले नाही, त्याच्या घराची किल्ली जणू सगळ्या गावाकडे! म्हणून नोव्हेंबर २०१६ पासून ही वाट मुळात बंद ठेवली जाते आणि एप्रिल २०२२ पासून ठरावीक नाव व पासवर्डही काढून टाकले आहेत. जुन्या पुस्तकातील कृती पाहून काम करणारे इथेच अडतात.

३. कार्ड यंत्रात घालून वीज द्यावी आणि काही मिनिटे थांबावे. पहिल्या वेळी यंत्र कार्डावरील जागा मोकळी करून घेते आणि आपणहून पुन्हा सुरू होते. तेव्हा घाईने तार काढू नये.

४. दुसऱ्या संगणकावर आज्ञांची काळी खिडकी उघडावी. 'एसएसएच' टंकावे, जागा सोडावी, मग वापरणाऱ्याचे नाव, 'ॲट'चे चिन्ह, यंत्राचे नाव, टिंब आणि 'लोकल' असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. हे यंत्र ओळखीचे आहे का, असा प्रश्न पहिल्यांदा येतो. तिथे 'येस' हा पूर्ण शब्द लिहावा. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडलेला नसतो, निश्चिंतपणे टंकत राहावे.

माझी चूक

एवढे सगळे करून आमची ज्ञानपेटी बोलेना. दोन दिवस मी कार्ड पुनःपुन्हा लिहिले. यंत्रच खराब आहे असे म्हणालो, भेट देणाऱ्याला तसे कळवण्याच्याही बेतात होतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. इंग्रजी सूचनांची काळी खिडकी दिसली, की आजही मला वाटते, हे आपले काम नव्हे.

नववीची एक विद्यार्थिनी तिथे बसली होती. ती म्हणाली, "सर, आधी कुठपर्यंत ठीक आहे ते पाहू या ना." मग आम्ही क्रमाने पाहिले. लाल दिवा स्थिर होता, म्हणजे वीज पुरेशी होती. या मॉडेलमध्ये वीज कमी पडली तर लाल दिवा विझतो किंवा मिणमिणतो. हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे कार्ड वाचले जात होते. राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली, तर तिच्यात ज्ञानपेटी नव्हती. मग वायफाय सोडून राउटरपासून थेट नेटवर्कची तार जोडली आणि ती लगेच बोलली! म्हणजे प्रणाली, नाव, पासवर्ड सर्व बरोबर होते. दोष फक्त वायफायमध्ये.

आत शिरून आम्ही यंत्राला आसपासच्या वायफायची यादी मागितली. मी भरलेले नाव त्या यादीत नव्हतेच. आपला राउटर दोन नावांनी वायफाय देतो, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि एक ५ गिगाहर्ट्झचे. वेगवान म्हणून मी दुसरे निवडले होते. पाय ३ मॉडेल बी ला मात्र फक्त २.४ ची लहर पकडता येते. जी हाक त्याला ऐकूच येत नव्हती, तिला उत्तर दिले नाही म्हणून मी त्याला दोष देत होतो. नाव बदलून कार्ड पुन्हा लिहिले आणि तार काढली, तरी ज्ञानपेटी बोलत राहिली.

शिक्षक म्हणून ही गोष्ट माझ्या मनाला लागली. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाबद्दलही आपण 'याला येत नाही' असे किती लवकर म्हणतो!

पेटीत काय आहे?

प्रणाली अद्ययावत करून आम्ही तिच्यात 'किविक्स' हा विनामूल्य प्रोग्राम बसवला. २००७ साली सुरू झालेल्या या प्रकल्पामुळे संपूर्ण विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. आपण मराठी आणि हिंदी विकिपीडिया घेतले आहेत. संगणक कक्षातील ब्राउझरमध्ये ज्ञानपेटीचा पत्ता लिहिला की लेख उघडतात. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी चालते.

आपली मुले घरी मराठी बोलतात, पण वाचायची वेळ आली की हिंदी किंवा इंग्रजीकडे वळतात, कारण समोर तेच असते. मराठीही तितक्याच सहज समोर असावी, यासाठी हा खटाटोप आहे. मात्र विकिपीडिया कोणालाही लिहिता येतो आणि पेटीतील प्रत उतरवल्या दिवसाची असते. म्हणून महत्त्वाची माहिती पुस्तकाशी ताडून पाहावी.

एक सूचना सर्वांसाठी : पेटीची तार सरळ ओढू नये. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर आतील मजकूर बिघडू शकतो. आधी बंद करण्याची आज्ञा द्यावी, हिरवा दिवा शांत झाला की मग वीज बंद करावी. विश्वस्त मंडळास विनंती, की वीज जाते तेव्हा पेटी चालू राहील असा एक लहान बॅटरी संच मंजूर करावा.

स्वाध्याय

१. पडदा नसलेल्या यंत्राला कोणत्या गोष्टी आधीच सांगाव्या लागतात? प्रत्येकीचे कारण लिहा.
२. लाल दिवा मिणमिणत असेल तर प्रथम काय तपासाल?
३. नेटवर्कची तार जोडल्याने दोष कुठे आहे हे कसे कळले? आपल्या शब्दांत सांगा.
४. ज्ञानपेटीत आपल्या शहराविषयीचा मराठी लेख वाचा. त्यात कोणती माहिती राहिली आहे, ती घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे मी स्वतः तपासणार आहे. ज्यांना कार्ड लिहून पाहायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. पालकांनीही यावे. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल, तर जरूर यावे.

आपला,
प्राचार्य