सायकलीचा गिअर व पायांचा वेग

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं यंदा ट्रायथ्लॉनची तयारी आरंभिली, हें पाहून आम्हांस संतोष वाटला. पोहणें, सायकल चालविणें व धावणें हीं तिन्ही मध्यें विसावा न घेतां करावयाचीं, असा हा खेळ. २००० सालीं सिडनी येथील ऑलिंपिकमध्यें त्याचा प्रथम समावेश झाला, तेथें १.५ किलोमीटर पोहून, ४० किलोमीटर सायकल चालवून, शेवटीं १० किलोमीटर धावावें लागतें.

परंतु या मुलांचा सराव पाहतांना एक गोष्ट मनास लागली. जो तो सर्वांत जड गिअर लावून, दांतओठ खात पॅडल दाबी; आणि उतरून धावण्याची पाळी आली म्हणजे त्याचे पाय लांकडासारखे होत. जड गिअर म्हणजेच अधिक वेग, अशी त्यांची समजूत. ती गणितावर घासून पाहूं.

पुढील दांतेरी चाकास ५० व मागील चाकास २० दांते असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यांत मागचें चाक अडीच वेळां फिरतें. चाकाचा परीघ २.१ मीटर धरल्यास सायकल ५.२५ मीटर पुढें जाते. मिनिटास ९० फेरे मारले तर ४७२.५ मीटर, म्हणजे तासास २८ किलोमीटरांहून किंचित् अधिक. आतां मागें १४ दांत्यांचें चाक घ्या. एका फेऱ्यांत ७.५ मीटर अंतर जाईल व ६३ फेऱ्यांत तोच वेग मिळेल. वेग एकच, मात्र प्रत्येक फेऱ्यास सुमारें १.४३ पट जोर लागला! ४० किलोमीटरांत असे जड फेरे ५,३०० हून अधिक होतात.

अशा जोरास स्नायूंतील लवकर थकणारे तंतु अधिक राबतात, सांठविलेली शर्करा झपाट्यानें खर्च होते, आणि ईश्वरदत्त गुडघ्यांवर ताण पडतो तो निराळाच. पाय जलद फिरविले म्हणजे भार बराचसा हृदय व फुप्फुसें यांजवर जातो. तेंहि फुकट नव्हे. मध्यम श्रमांत मिनिटास ६० च्या आसपास फेरे मारतांना प्राणवायु बहुधा कमी लागतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. तरी कसलेले सायकलपटू ८० ते १०० फेरेच पसंत करतात. ज्यास पुढें धावावयाचें आहे त्यानें पाय राखावे, असें आमचें मत. पण एकच आंकडा सर्वांस लागू नाहीं. चढावर फेरे कमी होणारच. तेथें चढ लागण्यापूर्वींच गिअर हलका करावा. टूर द फ्रान्समधील नामांकित स्पर्धकांस १९३७ पूर्वीं गिअर बदलण्याच्या यंत्राची मुभा नसे. ते घाटापाशीं उतरून मागचें चाक उलटें बसवीत, तें हलक्या गिअरासाठींच.

पालकांनीं यासाठीं महागडी सायकल घेण्याची घाई करूं नये. एकाच गिअरची असेल तर मागें अधिक दांत्यांचें फ्रीव्हील बसवितां येतें. विद्यार्थ्यानें सपाट रस्त्यावर मिनिटभर उजवा गुडघा किती वेळां वर येतो तें मोजावें. ७० भरले तर पुढील आठवड्यांत ७५ करावे; एकदम ९० वर उडी घेतल्यास बैठकीवर अंग उसळूं लागतें.